पांढरी सातची रीड

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला गेलो होतो. एका संस्थेच्या पुस्तकासाठी स्वरलिपी करायची होती. अशा कामात ध्वनिमुद्रण आधी, हार्मोनियमची पेटी नंतर. पेटी आधी वाजली की गाणारा नकळत तिच्याकडे सरकतो.

आजींनी पंच्याऐंशी ओलांडलेली. जातं फिरू लागलं आणि सूर लागला तो काळी चारचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा. सा, रे, मग गंधार म्हणजे 'ग', आणि तिथेच माझं पेन अडलं. कोमल, म्हणजे खालचा 'ग' म्हणावा तर चढा, शुद्ध, म्हणजे वरचा म्हणावा तर उतरलेला. वयामुळे गळा हलत असेल असं वाटलं. पण नऊ ओव्या झाल्या आणि प्रत्येक ओवीत गंधार त्याच जागी. चुकणारा गळा इतका नेमका चुकत नाही.

मग पेटी काढली. काळी चार सा धरला की कोमल गंधार पांढरी सातवर येतो आणि शुद्ध गंधार पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकवर. दोन्ही वाजवून दाखवले. आजींनी मान हलवली.

"झिला, तुज्या पेटयेत माजो सूर गावणा नाय."

खालच्या सुरांचा खर्ज बंद केला, झाकण उघडलं आणि नर म्हणतात त्या ओळीतली पांढरी सातची रीड, म्हणजे पितळी जीभ असलेली सूर देणारी पट्टी, हाती घेतली. जिभेखाली ब्लेडचं पातं सरकवून टोकाकडे हलकेच कानस फिरवायची. टोकाकडचं पितळ गेलं की सूर चढतो, मुळाकडचं गेलं की उतरतो. दोन फटके जास्त पडले तर रीड वाया. घास, झाकण लाव, वाजव, पुन्हा उघड, असा पाऊण तास गेला. आजी जात्याशी बसून ऐकत होत्या. एकदाच म्हणाल्या, "आता जुळलो."

ती रीड मी परत घासलेली नाही. आमचे भजनी बुवा ती पेटी वाजवत नाहीत.

घरी संगणकावर आलेख काढला. सेंट हे सुरांतलं अंतर मोजायचं माप, सप्तकाचे १२०० सेंट. पेटीवर कोमल गंधार ३०० वर, शुद्ध ४०० वर. 'सा'शी साध्या गुणोत्तराने जुळणारे गंधार घेतले तरी ते ३१६ आणि ३८६ वर. आजींचा ३५० च्या आसपास. स्वर लिहायच्या भातखंडे लिपीत 'ग'खाली आडवी रेघ दिली की कोमल, न दिली की शुद्ध. मधल्यासाठी काही नाही. त्या लिपीने हजारो बंदिशी वाचवल्या, तिच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण अरबी संगीत लिहिणाऱ्यांनी अशाच मधल्या सुरासाठी अर्धकोमलाची वेगळी खूण कधीच वापरात आणली. मी रेघेच्या 'ग'वर वर जाणारा बाण काढला.

संस्थेतून प्रुफं आली ती बाण गाळूनच. कारण असं, की शाळेतल्या मुलांना पेटीवर वाजवता आलं पाहिजे. म्हणजे आता मुलं त्याच ओव्या कोमल गंधाराने शिकणार, आणि पुस्तकावर आजींचं नाव असणार. पेटीत बसत नाही म्हणून माणसाचा सूर बदलायचा, हे मला अजून पचलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर बाणही पुरा नव्हता. आलेख पुन्हा नीट पाहिला. चढताना आजींचा गंधार ३६० ला टेकतो, उतरताना ३४० ला. माझी घासलेली रीड एकाच जागी. मग त्या "जुळलो" म्हणाल्या ते कुठल्या गंधाराला?

दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे. पेटी नेणार नाही. ओवीची फक्त उतरती ओळ म्हणायला सांगेन.