सातवी हायहाय

ख्रिस्ताची सुवार्ता सांगायला निघण्याआधी मंडळीत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा सहावा अध्याय वाचला जातो आणि सगळ्यांची नजर थेट आठव्या वचनावर जाते: 'हा मी आहे, मला पाठव.' फलकावर तेच, संदेशात तेच. त्यामागचं पाचवं वचन घाईत निसटतं आणि पाचवा अध्याय तर कुणी उघडतच नाही. तो उघडायला हवा. तिथे यशया सहा वेळा दुसऱ्यांच्या नावाने हायहाय करतो. घराला घर आणि शेताला शेत जोडणारे, पहाटेपासून मद्यामागे लागणारे, पाप दोरखंडाने ओढून आणणारे, वाइटाला चांगलं म्हणणारे, स्वतःलाच शहाणे समजणारे, लाच खाऊन दुष्टाला सोडणारे. यातला एकही आरोप खोटा नाही. सातवी हायहाय मात्र सहाव्या अध्यायाच्या त्या पाचव्या वचनात, मंदिरात निघते आणि ती त्याच्या स्वतःवर असते: 'हाय हाय, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे.' त्यानंतरच त्याला 'मी कोणाला पाठवू?' हा प्रश्न ऐकू येतो.

त्याने ओठांचंच नाव का घेतलं? मंदिरात त्याला देवाचं दर्शन झालं ते उज्जीया राजा मेला त्या वर्षी. हा राजा गर्वाने मंदिरात शिरला आणि स्वतःच धूप जाळायला लागला. मुख्य याजक आणि त्याच्याबरोबरचे ८० याजक आडवे आले, तरी तो ऐकेना. तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठलं आणि ते मरेपर्यंत गेलं नाही. बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायाप्रमाणे कोड झालेल्याने ओठ झाकून 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडायचं असे. यशया मंदिरात उभा राहून 'मी अशुद्ध ओठांचा' म्हणतो, तेव्हा मला त्यात राजाचाच रोग ऐकू येतो. देवाचं नाव घेणारं तोंडच बिघडलेलं. मग साराफ, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचा दूत, वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलतो आणि शुद्ध करायला यशयाने ज्यांचं नाव घेतलं त्या ओठांनाच लावतो.

सेवेच्या तयारीत नेमकी इथेच चूक होते. 'प्रभू, मी फार पापी आहे' ही प्रार्थना खरी आहे, पण ती कुठेच लागत नाही. सुवार्तेच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी तासभर एकटं बसावं. वही घ्यावी, दहा आज्ञा एकेक करून वाचाव्यात आणि प्रत्येकीखाली माणूस, रक्कम, वाक्य लिहावं. 'मी खोटं बोललो' एवढ्यावर थांबू नये. 'मंडळीच्या हिशेबात प्रवासखर्च दोनशे रुपये जास्त दाखवला' असं लिहावं. असं लिहिताना हात थबकतो आणि तिथेच खरं काम सुरू होतं. मग स्तोत्र ५१ सावकाश वाचावं. त्यात दावीद आधी शुद्ध हृदय मागतो आणि 'मग मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन' हे १३व्या वचनात येतं.

कबुली किती जणांपुढे द्यायची याचा नियम सोपा आहे: दुखापत जेवढ्यांना झाली तेवढ्यांपुढे. मनातली वासना देवापुढे, फार तर एका विश्वासू वडील माणसापुढे. भावाला लागेल असं बोललात तर भावापुढे. मंडळीचा पैसा असेल तर मंडळीपुढे. हा नियम मोडला की प्रार्थनासभेत दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर येते आणि पश्चात्तापाच्या नावाखाली चहाडी होते. घेतलेलं परत करणंही यातच आलं. लेवीयच्या सहाव्या अध्यायात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट देऊ केलं. पैसे परत न करता नुसतं रडलात, तर गावात ज्याचे पैसे अडकलेत तो माणूस तुमची सुवार्ता ऐकणार नाही आणि ते बरोबरच आहे.

महाराष्ट्रात 'पाप' हा शब्द रिकाम्या कानांवर पडत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात पाप-पुण्याचा जमाखर्च असतो, तीर्थस्नान असतं आणि स्वतःला पतित म्हणवणारी संतवाणीही असते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं नारायण वामन टिळक म्हणत, हे विसरू नये. पाप म्हणजे काय हे या भूमीला आपणच प्रथम सांगतो आहोत असा आव आणू नये. शिवाय मराठीने 'आपण' नावाचा एक शब्द दिला आहे. 'तुम्ही पापी आहात' म्हटलं की बोलणारा न्यायासनावर बसतो. 'आपण' म्हटलं की तो ऐकणाऱ्याशेजारी बसतो. पण आदल्या संध्याकाळची वही कोरी असेल तर हे 'आपण' पोकळ वाटतं आणि लोकांना ते लगेच कळतं.

साक्ष देताना वेळ मोजावा. पाच मिनिटांपैकी चार जुन्या पापांच्या रंगतदार वर्णनात गेली, तर लोकांच्या लक्षात पाप राहतं, तारणारा राहत नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, हे त्यांना उमगलं ते सुमारे आठ वर्षांनी, आणि त्यांनी ते स्वतः लिहून ठेवलं. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात जानेवारी १९०५पासून सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा ५५० जणी जमत होत्या. गावोगाव सुवार्ता सांगायला ३० तरुणींनी आपली नावं दिली आणि त्यासाठी सामर्थ्य मागत त्या रोज एकत्र बसू लागल्या. जूनच्या अखेरीस सदनात रडणं आणि पापांची कबुली सुरू झाली. म्हणजे इथे नावं आधी आली, निखारा नंतर. त्यामुळे 'मी अजून लायक नाही' म्हणून नाव मागे घेणाऱ्याला मी केडगाव दाखवते. येशूचा शिष्य झालेला कोळी पेत्रही होडीत येशूपुढे गुडघ्यांवर येऊन 'प्रभो, माझ्यापासून जा' म्हणाला होता. प्रभू गेला नाही. 'भिऊ नको, येथून पुढे तू माणसं धरशील,' असं त्याने तिथेच सांगितलं.

यशयाला मिळालेलं काम वाचलं की निखारा का लागला ते कळतं. लोक ऐकतील पण समजणार नाहीत, नगरं ओस पडतील, दहावा हिस्सा उरला तर तोही पुन्हा जळेल. 'हे कुठवर, प्रभो?' असं तो विचारतो. उत्तरात शेवटी एक तोडलेला बुंधा उरतो, आणि त्या बुंध्यात पवित्र बीज.