नोझावा ओन्सेनची आग: १५ जानेवारीला जाणाऱ्यांसाठी

जपानच्या नागानो प्रांतात नोझावा ओन्सेन नावाचं गाव आहे. गरम पाण्याचे झरे, स्कीइंग आणि डोंगराएवढा बर्फ. तिथे दरवर्षी १५ जानेवारीला, वार कुठलाही असो, डोसोजिनचा उत्सव होतो. डोसोजिन म्हणजे वेशीवरचा राखणदार. त्याच्यासाठी बीच नावाच्या झाडाच्या लाकडांचं उंच देऊळ उभारायचं आणि त्याच रात्री जाळायचं. पण जाळू द्यायचं नाही म्हणून आधी झुंजायचंही!

कोण कुठल्या बाजूला, हे आधीच समजून घ्या. नाहीतर नुसता धूर आणि गोंगाट दिसेल. जपानी समजुतीप्रमाणे २५वं आणि ४२वं वर्ष पुरुषाला वाईट. म्हणून ४२ वर्षांचे गावकरी देवळाच्या माथ्यावर बसतात, २५ वर्षांचे खाली पहारा देतात आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन चाल करून येतं. सुरुवात लहान मुलांपासून होते. मोठे आले की मग रंग चढतो. पंचविशीतली पोरं पाइनच्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात, तोंडं काजळीनं काळीठिक्कर. वरून बेचाळिशीवाले गातात, हल्लेखोरांना डिवचतात. यात पाहुण्यांसाठी रचलेलं काही नाही, ठिणग्या खऱ्या आणि मारही खरा. शेवटी झुंज थांबवतात आणि मग देऊळ पेटतं. आपली होळी त्यापुढे शेकोटीच वाटावी.

टोकियोहून होकुरिकू शिनकान्सेन या बुलेट ट्रेननं इइयामा स्टेशन, तिथून बसनं गाव साधारण अर्ध्या तासावर. उत्सव आटोपायला रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा मुक्काम गावातच हवा. खोल्या काही महिने आधी धरा. शनिवार-रविवारी १५ तारीख आली तर आणखी आधी.

अगदी पुढे घुसू नका. ठिणग्या उडतात, महागडं नायलॉनचं जाकीट तिथे नेऊच नये. जुनं, जाड सुती किंवा लोकरी वरून घाला. चढावर थोडं मागे उभं राहिलात तर देऊळही दिसतं आणि उंच, सजवलेले कंदीलही. ज्या घरात पहिला मुलगा झाला, त्या घरचे हे कंदील. मला तर आगीपेक्षा तेच जास्त आवडले. पायवाटा बर्फानं निसरड्या, बुटांना लावायचे काटे घ्या. गावकरी येणाऱ्याजाणाऱ्याला साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजतात. नको असेल तर हसून, हात हलवून नाही म्हणा, कुणी रागावत नाही.

शाकाहाऱ्यांची जरा पंचाईत आहे, कारण रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो. नोझावाना या पालेभाजीचं सारण भरलेली ओयाकी, म्हणजे पिठाची जाड भरली पोळी, मिळते, तिनं पोट भरतं. सारणात काय आहे ते मात्र विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या १३ सार्वजनिक स्नानगृहांपैकी एखादं गाठा. तिकीट नाही, पेटीत नाणी टाकायची. ही स्नानगृहं गावकरीच सांभाळतात, म्हणून आधी अंग धुऊन मगच टाकीत उतरा. कपडे काढूनच उतरायचं, लाजून चालत नाही. आणि पाणी भयंकर कढत असतं, आधी पाय बुडवून पाहा.