बंद ट्रॅक्टर सड्यावरून खाली: चार किलोमीटर, दोन दिवस

"अर्ध्या तासाचा काम असा, दादानू," असं हायड्रावाला (हायड्रा म्हणजे माल लटकवून चालणारी क्रेन) फोनवर म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं. आज पाठ धरली आहे, हाताला फोड आहेत, तेव्हा भाषा जरा तिखट वाटली तर समजून घ्या.

आमची आंब्याची कलमं वाघोटण खाडीच्या वर, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर. गॅरेज खाली बाजारात. ट्रॅक्टर 35 एचपीचा, साधं मेकॅनिकल स्टिअरिंग, दोन पावसाळे झापांच्या मांडवाखाली उभा. डिझेल पंप जाम. मोहोराच्या फवारणीआधी चालू व्हायला हवा, म्हणून दिवाळी झाल्याझाल्या खाली न्यायचं ठरलं. पान्हे, जॅक, ग्रीस तुमच्याकडे असणारच, त्यावर लिहीत नाही.

हायड्राचे फोनवर 3000 ठरले. आल्यावर कळलं की "किमान दोन तास" वेगळे, येण्या-जाण्याचे वेगळे आणि उचलायचे पट्टेही आमचेच. त्याने ट्रॅक्टर उचलला, शंभरएक पावलं नेला आणि उताराला लागताच ट्रॅक्टर घंटेसारखा झुलायला लागला. उतारावर वजन पुढे जातं, हायड्राची मागची चाकं हलकी होतात आणि मशीन ऐकेनासं होतं. त्याने घाबरून ट्रॅक्टर तिथेच रस्त्यावर ठेवला आणि 6500 घेऊन गेला. हायड्रा बारा टनी असला तरी तो आकडा सपाट जमिनीवरचा आणि माल बूमच्या, म्हणजे क्रेनच्या हाताच्या, जवळ असतानाचा. ट्रकात चढवायला, उतरवायला बोलवा. उतारावर माल लटकवून चालवायला बोलवू नका. पैसे आधी पूर्ण ठरवा, "किमान किती तास?" हा प्रश्न विचारून. मी विचारला नव्हता.

वजनाबद्दल दुसरी फसगत घरचीच. ट्रॅक्टर साधारण पावणेदोन टनांचा, पण मागच्या चाकांत पाणी भरलेलं होतं हे काकांना आठवलं हायड्रा गेल्यावर. एकेका चाकात शंभर लिटरच्या वर. चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह खाली आणा, आतली पिन काढा, पाणी सोडा, मग पुन्हा हवा भरा. यात तास जातो, तो द्या. मागे रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) असेल तर तोही आधीच सोडवा. इंजिन बंद असताना हायड्रॉलिकने तो वर उचलता येत नाही, जमिनीवर टेकलेला असतानाच पिना काढाव्या लागतात. अवजार अडकवायचे ट्रॅक्टरचे रिकामे हात वर बांधून टाका, नाहीतर रस्ता नांगरत जाल.

मग शेजारचा ट्रॅक्टर आणला. वरचा अडीच किलोमीटरचा सडा कसा संपला ते आठवतही नाही. साखळीने बांधला, ओढला, संपला.

आता ते वळण. सड्याची कड संपते तिथून मोरीपर्यंत चारएकशे मीटर. जांभ्याची मोकळी खडी, डाव्या अंगाला पऱ्या म्हणजे ओढा, उजवीकडे गडगा म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, आणि डोंगराचा पाझर अजून सुटलेला असल्याने वळणाच्या पोटात तांबडा चिखल. इथे साखळी सैल पडली आणि आमचा ट्रॅक्टर पुढच्याच्या अंगावर धावला. ओढणारा थांबू पाहतोय आणि मागचा त्याला ढकलतोय. मी ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थेट डावीकडे, पऱ्याकडे वळला. वरून काका ओरडतायत, "दोनय पायान दाब रे मेल्या!" ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे. त्यांना जोडणारा खटका गंजून उघडा राहिला होता आणि माझा पाय एकाच पेडलवर. दुसरं पेडल सापडलं, स्टिअरिंग उजवीकडे कापलं, आणि पुढचं चाक गडग्यात घुसलं. गडगा पडला, ट्रॅक्टर थांबला. माझे पाय पुढे तासभर थरथरत होते.

त्या दिवशी तिथेच सोडून दिला. चाकाखाली जांभ्याचा चिरा लावला होता, सकाळी पाहतो तर त्याचा भुगा. चिरा लावू नकाच, ऐनाच्या लाकडाचा ओंडका लावा, दोन्ही मागच्या चाकांना. साडेनऊची एसटी कशीबशी बाजूने निघाली, कंडक्टरने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी उलटं केलं. उतारावर ओढणारा कशाला हवा, ट्रॅक्टर तर आपणच उतरणार. हवा तो धरणारा. म्हणून शेजारचा ट्रॅक्टर मागे घेतला, आमच्या मागच्या खालच्या बारपासून त्याच्या पुढच्या बंपरच्या पिनेपर्यंत साखळी, आणि तो पहिल्या लो गिअरमध्ये, क्लच न दाबता, अगदी सावकाश. साखळी सतत ताणलेली राहते, झटका बसत नाही. धरणारा आपल्याइतका किंवा आपल्यापेक्षा जड हवा. लहान ट्रॅक्टर घसरत आपल्या मागे येईल. आमच्याकडे गिअर न्यूट्रल, हाय-लोचा दांडाही न्यूट्रल, ब्रेकचा खटका बसेना म्हणून दोन्ही पेडलं जाड तारेने एकत्र बांधलेली. पॉवर स्टिअरिंगवाला ट्रॅक्टर असेल तर इंजिन बंद असताना ते दगडासारखं जड होतं, ताकदीचा माणूस बसवा. मडगार्डवर कोणी बसायचं नाही. दोघे जण ओंडके घेऊन मागच्या चाकांच्या बाजूने चालत होते, साखळीपासून लांब. ताणलेली साखळी तुटली तर पाय जातो. नायलॉनचा दोर तर मुळीच नको, तो तुटला की चाबकासारखा येतो.

चारशे मीटरला चाळीस मिनिटं लागली.

मोरीनंतर जवळपास सपाट. तिथून तीन इंची पाइपाचा बार लावून पुढून ओढला, दोन्ही टोकांना कडी वेल्ड करून घेतलेला, कारागिराने 900 घेतले. हायड्रावाल्याला दिलेल्या पैशांत असे सात बार झाले असते. बार ओढणाऱ्याच्या खालच्या हुकात आणि आपल्या पुढच्या बंपरच्या पिनेत. पुढची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडला अडकवलात तर तो वाकेल. वरच्या, अवजार वरून धरणाऱ्या टॉप लिंकच्या भोकात अडकवलात तर ओढणाऱ्याचं तोंड उचललं जातं आणि तो उलटा ड्रायव्हरवर येतो. सपाट रस्त्यावरही. बार लावून उतार उतरू नका, वळणावर मागचं वजन ओढणाऱ्याला आडवा फिरवतं.

पाझर आटल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम केलंत तर अर्धी भीती कमी. पण मोहोर कुणासाठी थांबतो?

गॅरेजवाल्याने पंप काढून कणकवलीला पाठवला आहे. ट्रॅक्टर त्याच्या दारात उभा. पडलेला गडगा मला बांधून द्यायचा आहे, आणि बार आमच्या पडवीत आहे, कुणाला लागला तर घेऊन जा. पंप दुरुस्त झाला नाही तर हाच ट्रॅक्टर परत वर न्यायचा आहे, त्याचा विचार मी अजून केलेला नाही.