ना पूर्वेचं, ना पश्चिमेचं

८ मार्च, रात्री

दिवसभर महिला दिनाच्या शुभेच्छा येत होत्या. मन मात्र १९७९ च्या तेहरानात गुंतलं होतं.

इराणचा राजा, शाह, देश सोडून गेला होता, क्रांतीचे नेते धर्मगुरू खोमेनी परतून जेमतेम महिना झाला होता. ७ मार्चला त्यांनी बजावलं की सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाब घालूनच यावं. दुसऱ्याच दिवशी हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. कितीतरी जणी शाहविरुद्धच्या मोर्चांतही होत्या, काही तर निषेध म्हणून मुद्दाम चादर, म्हणजे डोक्यापासून अंगभर झाकणारं वस्त्र, ओढून. आता त्या म्हणत होत्या, ‘स्वातंत्र्य ना पूर्वेचं, ना पश्चिमेचं, ते साऱ्या जगाचं!’

व्यक्तिस्वातंत्र्य हे पाश्चात्त्यांचं, मुसलमानांना ते परकंच, असं मुल्लाही सांगतात आणि युरोपातले इस्लामद्वेष्टेही. या एका बाबतीत दोघांचं कसं जुळतं! या बायकांनी ते तेव्हाच फेटाळलं होतं, आणि त्यांच्या घरांत त्याला कारणही होतं. १९३६ मध्ये या शाहच्या बापानं, रेझा शाहनं, देश आधुनिक करायचा म्हणून पडद्यावर बंदी घातली, तेव्हा पोलिस भर रस्त्यात बायकांच्या चादरी ओढून काढत. अनेकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. पुढे १९८३ च्या कायद्यानं उघड्या डोक्याला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा ठरवली. दोन्ही वेळी बाईला कोणी विचारलं नाही.

फ्रान्सनं २००४ मध्ये सरकारी शाळांत मुलींच्या डोक्यावरचा रुमाल बंद केला, तेही मला पटत नाही. पण दोन्ही देश एकाच मापानं मोजणं खोटेपणाचं होईल. इराणात २२ वर्षांची महसा अमिनी २०२२ मध्ये हिजाबवरून पोलिसांकडून ताब्यात घेतली गेली आणि तीन दिवसांनी मेली.

आणि शिरीन एबादी. त्या इराणात न्यायाधीश होत्या. क्रांतीनंतर, बाईनं न्यायदान करायचं नाही म्हणून, त्यांना त्याच न्यायालयात कारकून केलं. तरी त्यांनी धर्म सोडला नाही, भांडणही सोडलं नाही. २००३ मध्ये ओस्लोत नोबेल घेताना त्यांच्या डोक्यावर रुमाल नव्हता. बायकांच्या हालांचं मूळ इस्लाममध्ये नसून पुरुषी संस्कृतीत आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्याच भाषणात ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातल्या कैद्यांबद्दल अमेरिकेलाही सुनावलं.