निळ्या दोऱ्याचं पिल्लू (चौथी बॅच, दिवस ३१)

आज सकाळी निळ्या दोऱ्यानं आपणहून फीडरवर चोच मारली. सात दिवसांनी. म्हणून लगेच लिहायला बसलो.

गिरिराज जातीची ५२ कोंबडीची पिल्लं, मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची चौदाव्या, हे मागे लिहिलंच आहे. तेविसाव्या दिवसापर्यंत एक मर नव्हती. चोविसाव्या दिवशी पहाटे एक मेलेलं सापडलं आणि एक कोपऱ्यात पंख सोडून, पिसं फुलवून, डोळे मिटून उभं. खाली तुसावर विटकरी रंगाची ओली विष्ठा. बोटानं तूस बाजूला केलं तर रक्तच.

आधी पोटात गोळा आला तो मानमोडीच्या धास्तीनं. पण मान सरळ होती, घशात घुरघुर नव्हती, हगवण हिरवी नव्हती. तरी अंदाजावर औषध नको म्हणून मेलेलं पिल्लू बर्फाच्या डब्यात घालून वाईहून थेट शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथं पोस्टमॉर्टेम समोर पाहिलं. आंधळ्या आतड्याच्या दोन्ही पिशव्या गोठलेल्या रक्तानं तट्ट फुगलेल्या. कॉक्सी, म्हणजे आतड्यातल्या परजीवी जंतूचा रोग. मेलेलं पिल्लू पुरून टाकू नका, ताजं असताना घेऊन जा. अर्ध्या तासात सगळा घोळ मिटतो.

आता जिवंत राहिलेल्याचं काय? आबा म्हणाले, ‘एकापायी पन्नास घालवशील. काढून टाक.’ त्यांची काळजी खरी आहे, आजारी पिल्लू विष्ठेतून या जंतूची लाखो अंडकं (सूक्ष्म अंडी) टाकतं. पण कॉक्सीत एकाला रक्त दिसेपर्यंत बाकीच्यांनी ती अंडकं कधीच टिपलेली असतात. त्याची मान मुरगाळून कळप वाचत नाही, औषध सगळ्यांनाच लागतं. म्हणून पायाला निळा दोरा बांधून ते डालग्यात वेगळं ठेवलं, खाली रोज नवा कागद, वर ६० वॅटचा बल्ब. तीन दिवसांत पाणी पिईना झालं तर हाल न करता संपवायचं, हेही त्याच संध्याकाळी ठरवलं.

कॉक्सीचं औषध अँप्रोलियम, २० टक्के पावडर, लिटरला १.२ ग्रॅम, पंचविसाव्या दिवसापासून सगळ्यांना. आणि इथंच दोन दिवस वाया गेले. सत्ताविसाव्या दिवशी आणखी तीन पिल्लं फुगून बसली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, ‘पाण्यात आणखी काय देताय?’ अशक्तपणा म्हणून मी बी-कॉम्प्लेक्स देत होतो, दुकानदारानंच दोन्ही औषधं एका पिशवीत दिली होती. अँप्रोलियमची रचना बी-१ सारखी असते. जंतू बी-१ समजून ते आत घेतो आणि उपाशी मरतो. आपणच खरं बी-१ पाण्यात ओतलं तर औषधाचा जोर जातो. बी-कॉम्प्लेक्स त्या क्षणी बंद केलं. एकोणतिसाव्या दिवशी रक्त थांबलं. ती तिन्ही आज मोकळी फिरताहेत.

निळ्या दोऱ्याचं वजन चोविसाव्या दिवशी १९० ग्रॅम, मग १६८, आज १८१. ड्रॉपरनं दर दोन तासांनी गूळ-मिठाचं पाणी पाजलंय. चोचीच्या कडेला थेंब टेकवला की ते जीभ हलवून ओढून घ्यायचं, तेवढ्यावर माझा धीर टिकला.

मूळ दुखणं मात्र ड्रिंकरखालीच होतं. बेल ड्रिंकर (घंटेसारखं टांगतं पाण्याचं भांडं) फार खाली लोंबत होता, सांडून हातभर घेराचं तूस चिकट झालेलं. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती अंडकं रोग द्यायला तयार होतात. फिनेलनं ती मरत नाहीत, पैसे घालवू नका. ओलं तूस उचलून पुरलं, जमिनीवर चुना टाकला, गिरणीतून नवीन कोरडं तूस आणलं. आता रोज दाताळ्यानं खालीवर करतो. ड्रिंकरची कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर बांधली.

पुढच्या बॅचला निपल लाइन (चोच लावली की थेंब देणारी पाण्याची नळी) टाकायची असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता सुचतंय, त्याआधी वेल्डमेशची चौकट करून खाली पत्र्याचा ट्रे ठेवला तर सांडलेलं पाणी तुसात जाणारच नाही. जाळीचा तुकडा गोठ्यात पडून आहे, दुपारीच करून बघतो. निपल नंतर.

अँप्रोलियमचा कमी डोस अजून आठवडाभर चालू राहील. निळा दोरा २५० ग्रॅमचा झाल्याशिवाय कळपात जाणार नाही. तोवर शेजारी सोबत म्हणून त्या बऱ्या झालेल्या तिघांपैकी एक ठेवलंय, एकटं असलं की फार ओरडतं.