नागपुरात किरायाचं घर दुपारी तीनला पाहा

नागपुरात शिकायला किंवा नोकरीला येणारे बहुतेक जण जून-जुलैत घर शोधतात. हाच काळ फसवा. पाऊस लागलेला असतो, स्लॅब निवलेला असतो, बोअरला पाणी असतं आणि गच्चीखालच्या दोन खोल्या हवेशीर वाटतात. किरायाही जरा कमीच सांगितलेला असतो. पण जुलैत केलेला अकरा महिन्यांचा करार मे अखेरीस संपतो, म्हणजे सगळा उन्हाळा त्याच खोल्यांत काढायचा असतो, हे सही करताना कुणाच्या डोक्यात नसतं.

म्हणून घर कोणत्याही महिन्यात पाहायचं असो, मी दुपारी तीनला जातो. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावतो. ऐन पावसाळ्यातही दोन दिवस ऊन पडलं की ती भिंत कोमट लागते. मे महिन्यात तिला टेकून बसता येणार नाही. स्लॅबचंही तसंच. दिवसभर तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. नागपूरचा पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही; २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर गेला होता. त्यामुळे डोक्यावर आणखी एक मजला असलेलं घर थोडं महाग पडलं तरी घ्यावं, असं माझं मत. गच्चीखालचंच घ्यावं लागलं तर गच्चीवर पत्र्याचं शेड आहे का, निदान पांढरा रंग मारलाय का, ते वर चढून पाहावं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी अंगावर घेण्यासारखं नसतं. अंघोळीच्या बादल्या सकाळीच भरून ठेवायच्या.

मग कूलर. बाहेरून आलेला माणूस खोलीत पंखा आहे का ते पाहतो. नागपूरकर कूलर कुठे लागेल ते पाहतो. कूलरला चार गोष्टी लागतात : थेट बाहेर उघडणारी खिडकी, तिच्याबाहेर स्टँड ठेवायला जागा, जवळ अर्थिंग असलेला थ्री-पिन सॉकेट, आणि पाइप पोचेल एवढ्या अंतरावर नळ. नव्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा पहिली गोष्टच नसते. खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या बंदिस्त पोकळीत, उघडते किंवा सोसायटी बाहेर स्टँड लावू देत नाही. मग लोक कूलर खोलीच्या आत ठेवतात आणि गादी दमट होते म्हणून तक्रार करतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंना लावलेल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्यांतून, ओढून आत टाकतो. ती हवा समोरच्या बाजूने बाहेर पडली तरच पुढची आत येते. म्हणून समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत याच्याइतकं स्वस्त सुख नाही. जूनच्या मध्यात हवेत दमटपणा आला की तोच कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

मोठा लोखंडी कूलर दुपारपासून पहाटेपर्यंत शंभरेक लिटर पाणी सहज पितो. ते कुठून येणार, हे घर पाहतानाच विचारावं. कूलर शक्यतो फेब्रुवारीत घ्यावा. मार्चअखेरीस भावही चढतो आणि ताट्या बदलून देणारा माणूसही मिळत नाही. एक गोष्ट मात्र सांगूनही कुणी ऐकत नाही. पाणी भरताना कूलर नुसता बंद करून चालत नाही, प्लग ओढून काढायचा. लोखंडी बॉडी, ओली जमीन, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेली जुनी वायरिंग. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात ती अशीच. घरमालकाकडे अर्थ लिकेज ब्रेकर (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर मेकॅनिक बोलावून स्वखर्चाने बसवला तरी चालेल.

आता मीटर. 'लाइट बिल वेगळं' एवढं ऐकून समाधान मानू नका. वेगळं म्हणजे महावितरणचं स्वतंत्र मीटर की मालकाने लावलेलं सबमीटर, ते विचारा. घरगुती वीजदराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि प्रत्येक टप्प्यावर युनिट महाग होतं. वरखाली दोन कुटुंबं आहेत आणि मे महिन्यात प्रत्येकी २५० युनिट वापरतात असं धरा. मीटर वेगळी असतील तर दोघंही ३०० च्या आत. एकच मीटर असेल तर बिल ५०० युनिटचं येतं. त्यातले २०० युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात जातात आणि पहिल्या स्वस्त शंभराचा फायदा दोघांत मिळून एकदाच होतो. त्यावर मालक सबमीटरवर दर युनिटला स्वतःचा गोल आकडा लावत असेल तर किरायात वाचलेले पैसे तिथे जातात. २०० वॉटचा कूलर बारा तास चालला तर महिन्याला ७० च्या आसपास युनिट होतात. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालवला तर सहज २०० च्या वर. एसी लावायचा विचार असेल तर स्वतंत्र मीटरशिवाय घर घेऊच नये. मालकाकडून जुनं बिल मागा. त्यावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो. त्यावरून थकबाकी आहे का ते ऑनलाइन पाहता येतं, शिवाय बिल कुणाच्या नावावर आहे तेही कळतं.

पाण्याचं मालकाला विचारून उपयोग नाही, तो 'चोवीस तास' म्हणणारच. शेजारच्या घरी विचारा : "काकू, मे महिन्यात नळ किती वेळ राहते? टँकर लागते का?" जुन्या वस्त्यांत महापालिकेचा नळ असतो. बेसा, बेलतरोडीकडच्या नव्या ले-आउटमध्ये (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांत) बऱ्याच इमारती बोअर आणि टँकरवर चालतात. टँकरचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्या. बोअरचं पाणी किती जड आहे ते बाथरूममधल्या नळाच्या तोटीवर दिसतं. पांढरा खरपुडा जमला असेल तर तोच तुमच्या कूलरच्या ताट्यांवर आणि गिझरमध्ये जमणार.

तळमजला घेणाऱ्यांनी उलट बाजूची चौकशी करावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या चांगल्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. नदी-नाल्याजवळचं घर असेल तर त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होतं, हे चौकातल्या पानठेल्यावरही सांगतील.

नकाशावरचं अंतर हीदेखील एक गंमतच आहे. शहराला रेल्वेमार्गांनी कापलंय, त्यामुळे समोर दिसणाऱ्या वस्तीत जायला पूल किंवा अंडरपास गाठावा लागतो, आणि नरेंद्रनगरच्या अंडरपासखाली जोराच्या पावसात पाणी साचतं. हिंगणा एमआयडीसीत काम असेल तर मेट्रोची लोकमान्यनगरकडची लाइन सोयीची. मिहानसाठी (विमानतळाजवळचं कंपन्यांचं क्षेत्र) खापरीची लाइन, पण स्टेशनपासून कंपनीपर्यंतचं अंतर वेगळं धरा. कंपनीची बस कुठून सुटते ते आधी विचारा. दोन्ही लाइनी बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्टेशनला, मिळतात. बुटीबोरीच्या एमआयडीसीत रोज जायचं असेल तर वर्धा रोडलाच राहा, धरमपेठेच्या मोहात पडू नका. पत्ता लिहून घेताना ले-आउटचं नाव, प्लॉट नंबर आणि जवळचा चौक, तिन्ही घ्या. एकाच नावाची नगरं एकाहून जास्त आहेत.

करारावर सगळ्यांत जास्त चुका होतात. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' हे नागपुरात सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि शर्तींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत किरायदाराचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो बहुधा तयार होतो. खर्चही फार नाही. १०,००० किराया, ११ महिने आणि ३०,००० डिपॉझिट धरा. एकूण किराया १,१०,०००, डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज २,७५०, बेरीज १,१२,७५०. त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे जेमतेम तीनशे रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा लागतो. घरी येऊन करून देणारे एजंट आपली फी वेगळी घेतात.

करारात तीन वाक्यं नीट वाचा : नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, आणि डिपॉझिट चावी देतानाच परत मिळणार की 'नंतर'. किरायाची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. रोख देत असाल तर मागाच.

घर न पाहता टोकन पाठवायचं नाही. 'मी सैन्यात आहे, बदली झालीय, क्यूआर स्कॅन करा, पैसे तुम्हाला परत येतील' हा जुना धंदा आहे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

चावी हातात आली की सामान उतरवण्याआधी मीटरचं रीडिंग, भिंतींची ओल, फुटकी फरशी, पंखे, नळ यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. गॅसचं कनेक्शन बदलून येईपर्यंत ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. आधारवरचा पत्ता बदलायला नोंदणीकृत करार चालतो, नोटरीचा चालत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने द्यायची असते. दिलेल्या अर्जाची प्रत मात्र आपल्याकडे ठेवा.