लंडनच्या हॉटेलात दुपारचा चहा घेताना

लंडनला जाणारे बरेच जण रिट्झ, क्लॅरिजेस, ब्राउन्स किंवा लँगहॅम यांपैकी एखाद्या हॉटेलातला आफ्टरनून टी यादीत धरतात. धरावाच. पण माणशी ७० पौंडांच्या वर खर्च आणि त्यावर बहुधा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज, असं बिल होतं. एवढे पैसे मोजायचे तर समोर काय येतं आणि त्यातलं काय आधी बिघडतं, हे माहीत असलेलं बरं. किटलीतला चहा पाच-सात मिनिटांत कडू होतो, गरम स्कोन (मैदा-लोण्याचा छोटा गोल पाव) दहा मिनिटांत गार होतो, सँडविच अर्ध्या तासात कडेने वाळायला लागतं. केक तेवढा थांबतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडची हॉटेलं सरसकट ‘हाय टी’ म्हणतात. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामकरी घरातलं संध्याकाळचं पोटभरीचं जेवण: मांस, पाव, चहा, तेही जेवणाच्या टेबलावर. आफ्टरनून टीची सुरुवात १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांच्यापासून झाली असं मानतात. रात्रीचं जेवण उशिरा, मधे भूक लागायची, म्हणून चहाबरोबर थोडं खाणं. मुंबईच्या ताजमधल्या सी लाउंजची परंपरा आणखी वेगळी. तिथे स्कोनच्या शेजारी भेळ-शेवपुरी असते, आणि ते मला फार योग्य वाटतं. पण पुढचं सगळं लंडनच्या टेबलाबद्दल.

बुकिंग काही आठवडे आधी करा. बैठक साधारण दीड ते दोन तासांची असते, म्हणून उशिरा पोहोचलात तर तो वेळ तुमचाच जातो. रिट्झच्या पाम कोर्टात, म्हणजे चहाच्या दालनात, पुरुषांना जाकीट आणि टाय लागतो. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. शाकाहारी मंडळींनी बुकिंग करतानाच स्पष्ट लिहावं. तिकडच्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं बसतं. एग मेयोनेजचं सँडविच हमखास येतं, स्कोनच्या माथ्यावर तकाकीसाठी अंडं फिरवलेलं असतं, केक तर अंड्याचेच. मूस किंवा जेली असेल तर जिलेटिनबद्दल वेगळं विचारा, ते प्राण्यांपासून काढतात. ऐनवेळी सांगितलं की स्वयंपाकघराच्या हातात फारसं काही उरत नाही आणि ताटात फळं येतात.

आता चहा. आपल्याला दूध-साखर घालून उकळलेल्या चहाची सवय, त्यामुळे सगळ्यात जास्त गडबड इथे होते. २०० मिलिलिटर पाण्याला दोन-अडीच ग्रॅम पत्ती हे प्रमाण. आसामला उकळतं पाणी आणि चार मिनिटं; फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीच्या, दार्जिलिंगला ८५-९० अंशांचं पाणी आणि तीन मिनिटं पुरतात. पत्ती किटलीत सुटी असेल तर ती मुरतच राहते आणि तिसरा कप तोंडात धरवत नाही. म्हणून किटली आली की पहिलं विचारायचं: पत्ती आत आहे की काढली? आत असेल तर गरम पाण्याचा वेगळा जग मागून घ्या. दूध घालायचं ते चहा ओतल्यावर, रंग बघून. अर्ल ग्रेला (बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या वासाचा चहा) लिंबू किंवा दूध, दोन्ही घातलंत तर दूध फाटतं. सुरुवातीला काकडीच्या सँडविचबरोबर दार्जिलिंग आणि स्कोनला आसाम, ही जोडी मला सर्वात जमलेली वाटते. बऱ्याच ठिकाणी मधे चहा बदलून देतात. बसल्याबसल्या विचारून ठेवा.

तीन मजली स्टँडवर खालून वर जायचं: सँडविच, स्कोन, केक. काकडीच्या सँडविचवर हॉटेलची पारख होते. काकडी कागदासारखी पातळ कापून, मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं निथळायची, टिपून घ्यायची, आणि लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत लावायचं. लोण्याचा हा थर पाणी अडवतो. तो मधेच तुटला असेल तर पावाच्या खालच्या बाजूला ओलसर डाग दिसतो. सँडविच बहुतेक ठिकाणी पुन्हा आणून देतात, पण दुसरी फेरी मागण्याआधी स्कोनला जागा ठेवा.

स्कोन सुरीने कापायचा नाही. नीट भाजलेल्या स्कोनच्या कंबरेला एक आडवी भेग असते. तिथे दोन्ही अंगठे लावून हलकेच उघडला की तो आपणहून दोन भागांत सुटतो, आतून वाफ येते आणि पापुद्रे दिसतात. एका बाजूला कललेला असेल तर पीठ कापताना साचा पिळला गेला, कड चिकटली आणि तेवढी बाजू फुगली नाही. अर्धा-अर्धा भाग वेगळा लावून खायचा, पुन्हा मिटून सँडविच करायचं नाही.

सोबतचं क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या सायीची सख्खी बहीण. क्रीम पसरट भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास तापवून हळूहळू निववतात, वर पिवळसर कवच धरतं. स्निग्धांश किमान ५५ टक्के. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला शेजारशेजारच्या दोन परगण्यांत यावरून वाद: डेव्हनमध्ये आधी क्रीम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. स्कोन गरम असेल तर मी कॉर्नवॉलच्या बाजूने, कारण खाली लावलेलं क्रीम वितळून घरंगळतं. कोमट झाला असेल तर डेव्हनची पद्धत उत्तम. लोण्यासारखं जाड पसरता येतं.

चमचा कपात गोल खणखणवू नका, पुढे-मागे हलवून बशीत कपाच्या मागे ठेवा. करंगळी उचलायची गरज नाही.

केकपर्यंत पोट भरलेलंच असतं. तेव्हा केक बॉक्समध्ये बांधून मागा, आनंदाने देतात. क्रीम भरलेले त्याच संध्याकाळी संपवा, फ्रूट केक मात्र दोन-तीन दिवस छान राहतो.